खारपाटाचं फाटक

“…तर या चारांतली कोणती वाट धरू, तेवढं सांगा बाबा. परवा सही करायची आहे.”

हैदरबाबा लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा कुणी साधासुधा नव्हता. खारपाटाचा दिवाण हरबाजी! समुद्रकाठच्या त्या मिठागरांच्या मुलखाला पाच मुलखांच्या जुटीतून ज्यानं बाहेर काढलं, तो हा. गावोगाव सभा घेतल्या, घसा बसेपर्यंत बोलला. “जुटीच्या बैठकीत आपलं ऐकतो कोण? आपलं मीठ, आपला कायदा!” लोकांनी डोक्यावर घेतला. तरुणपणी तीन वर्षं या फकिराच्या झोपडीत राहून शिकला होता, म्हणून काही अडलं की अजून घाट चढून यायचा. शिकला किती, ते मात्र विचारू नका.

झोपडी घाटात होती, खारपाटाच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, पण फाटकापलीकडे, जुटीच्या बाजूला. जूट होती तोवर ते फाटक सताड उघडं असायचं. आता त्याला अडसर होता आणि पहारा होता.

“बोल,” बाबा म्हणाले. “पहिली कोणती?”

“जुटीच्या बाजारात राहायचं. आपल्या मिठाला जकात नाही, त्यांच्या भाताला नाही. पण नियम सगळे त्यांचे. वर्गणी भरायची, आणि बैठकीत आपल्याला जागा नाही.”

“म्हणजे पंगतीत बसायचं आणि वाढतील ते मुकाट्यानं खायचं.”

“तेच ना! शिवाय माल मोकळा तर माणसंही मोकळी, अशी त्यांची अट. म्हणजे घाटावरचे मजूर पुन्हा आमच्या मिठागरांत. ते थांबवतो म्हणून तर मी लोकांना शब्द दिला.”

“मग सगुणा?”

सगुणा त्याची एकुलती एक लेक. घाटावर दिलेली, जुटीच्या मुलखात. पहिलटकरीण.

“तिला निरोप धाडलाय, थांब म्हणून. आधी मालाचं मिटू दे. माणसांचं कलम शेवटी घ्यायचं ठरलंय. दिवाळीपर्यंत होईल सगळं.”

“पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हरबा.”

“ठाऊक आहे हो! पण करार होईपर्यंत जुटीचं एकही माणूस खाली उतरणार नाही, हा हुकूम माझा. स्वतःच्या लेकीला सोडलं तर उद्या माझं ऐकणार कोण? लोकांना एक आणि घरच्यांना एक, हे मला जमायचं नाही.”

हे सांगताना त्याची छाती फुगली होती. खोटं कशाला बोला, हुकूम सगळ्यांना सारखाच होता. पण त्या हुकमानं एक जुनी रीत मोडली होती. खारपाटाच्या फाटकावर लढायांच्या दिवसांतसुद्धा माहेरवाशिणीला कुणी अडवत नसे. पहारेकरी एवढंच विचारायचा, “लेक कुणाची?” तिनं बापाचं नाव घ्यायचं, की अडसर निघाला. सासर कुठलं, कागद आहे का, काही नाही. हरबाजीनं ते एका ओळीत बंद केलं. लिहिताना त्याला ती रीत आठवली नव्हती असंही नाही. आठवली होती.

“दुसरी वाट?” बाबांनी विचारलं.

“जकातीचं कुंपण एकच ठेवायचं. परक्या मालाला जूट लावेल तीच जकात आपण लावायची. मग घाटात झडती नाही, गाड्या खोळंबणार नाहीत. पण समुद्रापलीकडच्या कुणाशी आपल्याला आपला सौदा ठरवता यायचा नाही.”

“या वाटेनं ती येते?”

“कोण?”

“सगुणा.”

“बाबा, ही मालाची वाट आहे.”

“बरं. तिसरी?”

“मिठाचा करार वेगळा, भाताचा वेगळा, सुक्या मासळीचा वेगळा. एकेक सोडवत जायचं. किचकट आहे, वर्षं जातील. पण लगाम आपल्या हातात राहतो.”

“बोंबील घाट चढतील म्हण की. आणि ती?”

“पुन्हा तेच!” हरबाजी वैतागला. “चौथी तरी नीट ऐका. करारच नको. साऱ्या दुनियेतल्या परक्यांना जी जकात, ती आपल्याला. पहिली दोन वर्षं मीठ पडून राहील, मिठागरवाले बोंबलतील. पण मान ताठ राहते. तरण्या पोरांना हीच हवी आहे.”

“आणि तुला?”

“मला…”

जुटीतून निघायचं कसं, हे त्यानं शंभर सभांत सांगितलं होतं. निघून जायचं कुठं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

बाबांनी सोललेला लसूण वाटीत टाकला. कफनीला हात पुसले.

“हरबा, तुझा निरोप पोचायच्या आधीच ती निघाली होती.”

“कुठं?”

“माहेरी… सातवा सरला, रीतीप्रमाणे निघाली. दीर गाडी घेऊन आला होता. इथं येतात तो फाटक बंद.”

हरबाजीच्या हातातले कागद मांडीवर पडले.

“भिवा होता पहाऱ्यावर,” बाबा म्हणाले. “म्हातारा माणूस, त्याला राहवेना. म्हणाला, ‘पोरी, नव्या हुकमाचं काय ते मी निस्तरतो. लेक कुणाची, तेवढं सांग. उघडतो.’”

“मग?”

“ती बोलली नाही.”

“बोलली नाही म्हणजे? माझं नाव…”

“चार दिवस होती या झोपडीत. रोज दीर तिला हाताला धरून फाटकापर्यंत न्यायचा. हुकूम आज उठेल, उद्या उठेल, एवढीच आशा. भिवा रोज विचारायचा. ती खाली बघत उभी राहायची, आणि चढ चढून परत यायची.”

“तुम्ही सांगायचं होतं! तुम्हाला तर ठाऊक होतं!”

“माझे पाय धरले तिनं. मला आणि दिराला शपथ घातली. कुणाची ते कुणाला सांगायचं नाही म्हणाली.”

“मग मला कळवायचं होतं बाबा! मला!”

“भिवा स्वतः उतरला खाली. बाबांनी ताबडतोब बोलावलंय, एवढंच सांगायचं होतं त्याला. तुझी मसलत चालू होती. मसलत चालू असताना कुणाला आत सोडायचं नाही… हाही हुकूम तुझाच म्हणे. दीड दिवस ओसरीवर बसला बिचारा, आणि परत आला.”

हरबाजीला तो दिवस आठवला. तिसऱ्या वाटेवर, सुक्या मासळीवर वाद पेटला होता. दार वाजलं होतं. कोण आहे हे न विचारता तो आतूनच ओरडला होता, “नंतर!”

“कुठं आहे ती?”

बाबा उठले. लहान मुलाचा धरावा तसा त्यांनी त्याचा हात धरला आणि झोपडीच्या मागं नेलं. करंजाच्या झाडाखाली हातभर जागेतली माती ताजी होती. वर तीन धोंडे ठेवले होते, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

हरबाजी त्या धोंड्यांपाशी बसला.

“तिची मुलगी,” बाबा म्हणाले. “दिवस भरले नव्हते. अवघडलेल्या बाईनं रोज तो चढ चढायचा म्हणजे काय… भिवाची बायको धावत आली. तिनं करायचं ते सगळं केलं. एक दिवस जगली पोर. नाक तुझ्यासारखं होतं.”

“आणि सगुणा?”

“सगुणा आहे. अकरा दिवस झाले, दिरानं गाडीत निजवून परत नेली.”

हरबाजी रडला. तोंड झाकून नाही, लोकांसमोर पुसायला रुमाल काढून नाही. मातीवर दोन्ही हात टेकून भडाभडा रडला. मला या माणसाचा राग येतो, अजूनही येतो. पण त्या घटकेला त्याच्याकडे बघवलं नसतं कुणालाच.

“आज येताना भिवानं मुजरा केला मला…” तो मधेच म्हणाला.

“करणारच. ती कुणाची लेक, ते त्याला अजून माहीत नाही.”

“एका शब्दात उघडलं असतं बाबा! फक्त नाव घ्यायचं होतं बापाचं. का नाही घेतलं तिनं? एवढी रागावली होती माझ्यावर?”

“मीही विचारलं होतं. म्हणाली, ‘आबांनी लोकांना शब्द दिलाय. तो त्यांच्याच लेकीनं मोडला, असं कुणी म्हणायला नको.’”

…

फाटकाकडून दिवाणाच्या माणसांनी हाक दिली. खाली बैठक होती, उशीर होत होता. कागद झोपडीपुढं पडले होते तिथंच पडून राहिले.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. डोळे सुजले होते. पहिल्यांदा विचारलं होतं तेच त्यानं पुन्हा विचारलं, पण आता त्याला मोजायला चार वाटा नव्हत्या.

“कोणती वाट धरू, बाबा?”

बाबांनी घाटाच्या वरच्या अंगाला बोट केलं.

“ती गेली ती. दीड दिवसाची चाल आहे… आणि पोचलास की उंबऱ्याबाहेर थांब. आत येऊ का, ते आधी तिला विचार.”