पहिला मान

नगररचना अधिकारी टिपणीस दुपारी डबा उघडत होते, तेवढ्यात बातमी आली. नदीकाठी गाव जिथे दहाव्याचे पिंड ठेवतं, ती जागा निवासी करून मिळावी, असा बिल्डर बापूसाहेब ढमढेऱ्यांचा अर्ज आला होता. टिपणिसांनी पाहणी केली, ‘जागा पडीक, हरकत नाही’ असा शेरा मारला आणि सुनावणी लावली.

ढमढेरे अत्तर लावून आले. “अहो, त्या धुळीत पिंड ठेवता! मी हमरस्त्याला नवा घाट बांधून देतो. फरशी, नळ, वर पंखेसुद्धा.”

“आणि कावळे?” मागून सरूबाई कोष्टीण म्हणाली.

“येतील की मावशी! चार-सहा दहावे झाले की सवय होईल त्यांना.”

“बरं. घाट तुमचा, तर पहिला मानही तुमचाच. तुमच्या घरातून पहिला दहावा कोणाचा धरायचा, शेठ?”

ढमढेरे ताडकन उठले. “अभद्र बोलू नका!”

“मग आमच्या घरची चार-सहा मरणं भद्र का?”

हशा पिकला. ढमढेऱ्यांनी तिथेच अर्ज मागे घेतला.

टिपणिसांना मात्र मान वर करवेना. गेल्या साली त्याच जागी त्यांच्या बायकोच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. “शैला, इथे तुझ्या नावाने पिंपळ लावतो,” असं त्यांनी हात जोडून म्हटलं, तेव्हा कुठे तो खाली उतरला होता. आणि त्याच जागेला त्यांनी पडीक म्हटलं होतं.

त्यांनी शेरा खोडला. पिंपळ अजून लावलेला नाही.