भिंग आणि त्याचं हूड

गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून डोकं खाल्लंत. सांगतो, पण मधे बोलायचं नाही.

फार मागे एका फोटोवाल्याच्या पिशवीत कॅमेऱ्याचं भिंग राहायचं, आणि भिंगाच्या तोंडावर बसवायचं काळं हूड. भिंगाला उन्हाची भारी ओढ. हूड चढलं की ते करवादायचं, "सर की काळतोंड्या! जरा पोटभर ऊन तरी पिऊ दे."

"समोरचं खुशाल बघ," हूड म्हणायचं. "कडेनं तिरकं ऊन शिरलं की फोटोत समोरचा माणूस पुसला जातो. मी तेवढंच अडवतो."

एकदा फोटोवाला मामीकडे गेला. उन्हं कलली होती. मामी अंगणात बसली, पण फोटोला लाजत होती.

"मामी, हस की जरा!"

"मेल्या, आता दात कुठं राहिलेत?" म्हणत ती खळखळून हसली.

घाईत त्यानं पिशवीतून हूड काढलंच नाही. "राहू दे ते डबडं," म्हणाला. भिंगानं ऊन घटाघटा प्यायलं. फोटोत लुगडं आलं, हात आले, तोंडाच्या जागी नुसता पांढरा धूर.

थंडीत मामी गेली. दुसरा फोटो नव्हताच.

पुढं फोटोवाल्याच्या घरी भिंतीवरचा तो धूर बघून भिंग कळवळलं. "हूडा, ती हसत होती कशी रे?"

"मी पिशवीत होतो. समोर तूच होतंस."

"मी उन्हाकडं बघत होतो."

त्यानंतर हूड चढताना भिंग कधी कुरकुरलं नाही.

मामी म्हणजे आमची गोदा. आणि तो फोटोवाला, माझा भाचा दिगंबर, माफी मागायला अजून आलेला नाही.