काठाला लागलेली कवडी

धाकलू बुरूड वाड्यावरून परतला तो तोंड पाडूनच. नदीकाठचं त्याचं वेळूचं बेट राजाने कवड्यांच्या डावात जिंकलं होतं! वेळू नाही तर टोपल्या नाहीत, आणि टोपल्या नाहीत तर चूल थंड.

"अहो, हरलात तरी कसे?" बायको गोजरा कडाडली.

"अगं, सात कवड्या टाकायच्या. ज्याच्या जास्त उताण्या, तो जिंकला. कवडी पटाच्या काठाला लागली तर दान बाद, पुन्हा टाकायचं. माझ्या सहा उताण्या पडल्या, तर राजा म्हणे, काठाला लागली! त्याची एकच पडली, तेव्हाही म्हणे, काठाला लागली!"

गोजराने पदर खोचला, एक टोपली काखोटीला मारली आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, तुमचा डाव सरळ नाही!"

राजा मानधवल लालबुंद झाला. "सिद्ध कर! पण माझा शब्द खोटा म्हणायचा नाही. काठाला लागली की नाही, ते मीच ठरवणार. नाही जमलं, तर नवरा-बायको दोघंही राज्याबाहेर!"

"कबूल! टाका कवड्या."

राजाने ऐटीत कवड्या भिरकावल्या. त्या पडतात न पडतात तोच गोजराने धपकन टोपली पालथी घातली. किती उताण्या, किती पालथ्या, कुणाला म्हणून दिसलं नाही!

"हां, बोला महाराज. लागली काठाला?"

"लागली! नाही नाही, नाही लागली! थांब... लागली असेल."

"असेल काय? डोळे तर तुमचे उघडेच होते!"

राजा टोपली उचलायला वाकला. गोजरा सरळ टोपलीवरच बसली.

"ऊठ!"

"आधी बोला! टोपली माझ्या हातची आहे, हत्ती बसला तरी दबायची नाही."

प्रधानाने उपरणं तोंडात कोंबलं. राजाला घाम फुटला. शेवटी तो ओरडलाच, "अगं बये, उताण्या किती ते बघितल्याशिवाय काठाला लागली की नाही, हे मी सांगू कसं?"

सगळा दरबार गोजराकडे वळला.

"मी कुठे काय म्हटलं?" गोजरा म्हणाली. "महाराजांचा शब्द खराच असतो!"

आधी राजाची मिशी थरथरली, मग पोट, आणि मग तो असा खदखदून हसला की मुकुट घरंगळून प्रधानाच्या मांडीत पडला.

"बेट तुझं! वाड्यातली सुपं-टोपल्याही यापुढे तुझ्याच हातच्या! पण आता ऊठ गं बाई, बघू दे किती पडल्या!"

गोजरा उठली. टोपली उचलली.

सातच्या सात उताण्या!

राजाने कपाळावर हात मारला आणि पोट धरून पुन्हा हसत सुटला.