मालडब्याचा आकडा

फार वर्षांपूर्वी पेंडसेतात्यांच्या टेबलावर एक छोटी आगगाडी धावू लागली. एकदा वळणावर मालडब्याचा, मागच्या गार्डाच्या डब्याला ओढणारा ओतीव धातूचा आकडा तुटला. तात्यांनी बारीक ड्रिल उचललं, तसा मालडबा मागे सरकला.

"तात्या, भोक नको! आधीच तुटलोय मी. नुसता गोंद लावा ना."

तात्यांनी ऐकलं. जोड दिसेनासासुद्धा झाला. पण चढ आला की मालडबा श्वास रोखून धरायचा. मागून गार्डाचा डबा दर वेळी विचारायचा, "धरशील ना रे मला?"

तिसऱ्या दिवशी चढावर गोंद सुटला. गार्डाचा डबा मागे घरंगळत गेला आणि टेबलाच्या कडेला अडकला, दोन चाकं हवेत.

"तात्या," मालडबा कसाबसा म्हणाला, "पाडा भोक."

तात्यांनी आकड्याच्या दोन्ही तुकड्यांना भोकं पाडून आत पितळी तार बसवली. मालडबा अजूनही चढावर श्वास रोखून धरतो. गार्डाचा डबा मात्र खुशाल डुलक्या काढतो.