बेटाने पाठ का फिरवली

सुरंगवेळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर जे काळं, उघडं, सरळसोट दिसतं, ती बेटाची पाठ. झाड नाही, घर नाही, होडी टेकवायला हातभर वाळू नाही. पाहुणे दुकानाच्या बाकावर टेकतात, कोकम सरबत मागवतात आणि हमखास विचारतात, एवढ्या खडकावर माणसं राहतात कुठे? राहतात, पलीकडे. वाळू, माड, विहीर, घरांची दारं, सगळं उघड्या समुद्राच्या बाजूला आहे. जायचं तर होडीला पुरा वळसा पडतो, आणि तिकडचा समुद्र काही लाड करणारा नाही. देवाने बेट उलटं ठेवलं वाटतं, असं पाहुणे हसून म्हणतात. देवाने नीटच ठेवलं होतं. ते फिरलं एका बाईच्या रागाने, असं इथले सांगतात.

तेव्हा म्हणे माड आणि घरं अलीकडेच होती, किनाऱ्यावरून उघड दिसायची. पण बघणाऱ्याला ती दिसतील तर ना! डोंगरापलीकडे गाव आहे म्हटलं तर माणूस विचारतो, तिथे तांदूळ काय भावाने मिळतात. पाण्यापलीकडे बेट आहे म्हटलं की त्याचं डोकंच फिरतं. चहूबाजूंनी पाणी आहे म्हणजे आत आपल्यासाठी काहीतरी राखून ठेवलंय, अशी त्याची समजूत. कुणी सांगे तिथे चाच्यांनी सोनं पुरलंय, कुणी सांगे तिथे म्हातारपण येत नाही. गावचा धनी बाबाजी खोत, त्याच्या गोष्टीतल्या बेटावर साती आसरा होत्या. घाटावरून त्याच्याकडे बडे पाहुणे येत. पुळणीवर चटया टाकून तो त्यांना सांगे, त्या तिथे सात जलदेवता उतरतात, केस मोकळे सोडून बसतात, त्यांच्या वाटेत जाणाऱ्यावर कोपतात. पाहुणे हरखून जात. आणि हाच खोत सकाळी बाजारात बेटावरच्या आवडूशी मुडदुशा माशांच्या एका वाट्यासाठी घसा कोरडा करून आलेला असे.

आवडूच्या कानावर ही गोष्ट आली तेव्हा ती हसली होती. “सात आसत?” टोपली उचलता उचलता ती म्हणाली. “मगे एक माझ्याकडे धाडा. जाळी विणूक माणूस कमी पडता.”

बेटाची आणि किनाऱ्याची एक जुनी बोली होती. बेटावर अडलं-नडलं तर ओल्या झावळ्या पेटवायच्या. धूर दिसला की किनाऱ्यावरून होडी सुटायची. आवडूच्या आजोबांच्या काळापासून त्यात कधी चूक झाली नव्हती.

त्या दिवशी बेटावरचे पुरुष झाडून सारे खोल समुद्रात मासेमारीला गेले होते. आवडूची धाकटी बहीण मंजुळी बाळंतपणाला अडली. मूल आडवं आलेलं. बेटावरच्या म्हाताऱ्यांनी हात टेकले, किनाऱ्यावरची सुईणच हवी म्हणाल्या. मागे उरलं होतं ते तळ फुटलेलं एक होडकं. आवडूने झावळ्यांचा ढीग रचला, पेटवला, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. धूर पांढरा, जाड, सरळ वर चढला. पलीकडे माणसं जमू लागली. ती घराकडे तोंड करून ओरडली, “मंजुळे, धीर धर गो, माणसां जमली.”

माणसं जमत राहिली. होडी काही सुटेना. मग वाऱ्यावर ढोलाचा आवाज आला. त्याचा अर्थ आवडूला लागेना. घरातलं कण्हणं मात्र तिला कळत होतं. तिने फुटकं होडकं पाण्यात लोटलं. वल्ह्याचे दोन हात मारायचे, मग करवंटीने पाणी उपसायचं, पुन्हा दोन हात. किनाऱ्यापाशी होडकं बुडालं आणि ती पोहत, केस सुटलेली, नखशिखांत भिजलेली वाळूवर आली.

समोर समई लावलेली, नारळ फुटलेले, धुराकडे तोंड करून खोताची आणि त्याच्या पाहुण्यांची आरती चाललेली. तिला पाहताच कुणीतरी किंचाळलं, “आसरा!” निम्मे पळाले, निम्मे पाया पडले. एका बाईने पुढे होऊन तिला कुंकू लावलं.

“आवडू मी,” ती म्हणाली. “बाजारात मासे देतंय तुमका. भयण अडली हा माझी. सुईणीक धाडा.”

खोत हात जोडून पाहुण्यांकडे वळला. “ऐकलंत? बोलते.”

गर्दीच्या मागे जानू तांडेल उभा होता. गावची होडी त्याच्याच ताब्यात. आवडू लोकांना ढकलत त्याच्यापाशी गेली.

“धूर दिसलो, काकानू?”

“दिसलो.”

“वळखलात?”

“वळखलंय.”

“मगे?”

तांडेलाने मान खाली घातली. “खोत म्हणाले, आसरांचो धूप हा. होडी घातली तर कोप होतलो. पाव्हण्यांसमोर काय बोलू गो?”

तांडेलाने धावत जाऊन सुईणीला आणलं. असं त्याने आधी कधी वल्हवलं नव्हतं आणि नंतरही नाही, असं सांगतात. बेटावर पोचले तेव्हा झावळ्या अजून धुमसत होत्या. मंजुळी गेली होती, पोटातल्या जिवासकट. आवडू रडली नाही. कपाळावरचं कुंकू तिने वाळूने घासून काढलं. कातडी सोलवटली तरी घासत राहिली.

खोताच्या गोष्टीला मात्र आता बहर आला. आसरा प्रत्यक्ष आली, बोलली, कुंकू लावून घेतलं! बेटावर सुतक फिटलं नव्हतं तोच तो पाहुण्यांना घेऊन निघाला. होडीला तोरण, बरोबर साडी, खण, नारळ. वल्ह्यावर जानू तांडेल. होडी वाळूला लागणार तोच आवडू पाण्यात उतरून आडवी उभी राहिली.

“खोतानू, कोणाकडे इल्यात?”

“बेटावर,” खोत म्हणाला.

“बेटावर कोणाकडे?”

“अगं, दर्शनाला. ओटी भरायला.”

“ही घरां दिसतत मां? ह्या पयल्या घरात कोण रवता?”

खोताने साडी-खण पुढे केला. या घरातले मासे त्याने जन्मभर खाल्ले होते, पण वाळूवर तिने सांगितलेलं नाव त्याच्या कानात शिरलं नव्हतं.

“बरा. हयसर कोण मेला, तां तरी सांगा.”

“तुझी ती... बहीण.”

“नाव?”

खोताने तांडेलाच्या कानाशी तोंड नेलं. तांडेल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी सांगूचंय नाय.”

खोताने मग समजुतीचा सूर काढला. “नावाचं काय एवढं? आपण तिचं देऊळ बांधू. तिलाही आसरांमध्ये बसवू.”

इथे आवडूचा बांध फुटला. जिवंतपणी जिच्यासाठी होडी निघाली नाही, तिला मेल्यावर दगड करून पुजायला हे निघाले. तोरण तिने एका हिसक्यात ओढून पाण्यात फेकलं आणि म्हणाली, “ज्याका हयल्या एका माणसाचा नाव ठावक नाय, त्याका ह्या बेट तोंड दाखवचा नाय.” एवढं बोलून तिने होडीकडे पाठ केली.

ती वळली आणि तिच्याबरोबर बेट वळलं, असं सांगतात. जातं घरघरावं तसा आवाज झाला. माड गेले, विहीर गेली, घरं गेली. चुलीवरच्या पेजेचा थेंब सांडला नाही म्हणे. होडीपुढे उरला काळा कडा. खोताचे हात पुन्हा जोडले गेले. तांडेलाने त्याच्या हातात वल्हं कोंबलं. “हात मोकळे आसत तर वल्हवा.”

आजही या धक्क्यावर होडी तांडेलांच्याच घराकडे आहे, आणि दोर सोडण्याआधी एकच प्रश्न विचारतात, “कोणाकडे?” बेट बघायला, असं म्हटलं की दोर पुन्हा खुंटाला. मग लोक दुकानात येतात, बिस्किटाचे पुडे घेतात आणि हळूच मला म्हणतात, शेठ, एखादं नाव सांगा ना. इथे ते मिळत नाही. बेटावरच्या बाया आजही बाजारात बसतात, त्यांच्यासमोर उकिडवं बसून विचारावं लागतं. मासे घेतलेच पाहिजेत असं नाही.

काही हुशार असतात. ही गोष्ट ऐकून तडक धक्क्यावर जातात आणि सांगतात, “मंजुळीकडे.”

“तिच्याकडे तेव्हा जाऊक व्हया होता,” तांडेल म्हणतो आणि दोर बांधतो.