रबरी कड्यावरची काजळी

आग नुकतीच आभाळात चढायला शिकत होती, तेव्हाची ही गोष्ट. अग्निबाणाच्या दोन पोलादी नळकांड्यांच्या सांध्यात एक रबरी कडं बसलं होतं आणि त्याच्यापुढे, आगीच्या बाजूला, एक जाड अस्तर होतं. कड्याला त्या अस्तराचा भारी राग. "आग अडवायची मी, आणि हे मेलं सारखं आडवं येतं. आगीचं तोंडसुद्धा पाहू देत नाही!"

चाचणीच्या दिवशी अग्निबाण जमिनीला जखडून ठेवला. ज्या हेमांगीबाईंनी ते अस्तर आपल्या हातांनी घडवलं होतं, त्यांनीच सुरी घेऊन त्याला मुद्दाम चीर पाडली. "आता बघू, सांधा टिकतो का," त्या पुटपुटल्या.

कडं हादरलं. "अरे, घडवणारीनेच तुला कापलं!"

"कापू दे," अस्तर म्हणालं. "उद्या वर माणसं बसलेली असताना चीर पडण्यापेक्षा आज जमिनीवर पडलेली बरी."

आग पेटली. चिरेतून सुईएवढी ज्वाळा आत शिरली. कड्याने पहिल्यांदाच आगीचं तोंड पाहिलं आणि त्याची बोबडीच वळली. पण आग जसजशी रेटत गेली, तसतसं अस्तर जळता जळता सांध्याला घट्ट बिलगलं आणि चीर मिटली.

सांधा उघडला तेव्हा अस्तराचा कोळसा झाला होता.

"कडं शाबूत आहे!" हेमांगीबाई ओरडल्या. टाळ्या पडल्या.

मग कडं पुसायला फडकं आलं. "तिळाएवढी काजळी राहिलीय बघ," फडकं म्हणालं.

"ती राहू दे, बाबा," कडं म्हणालं. "माझ्यापुढे उभं होतं ना, त्याचं तेवढंच उरलंय."