पंचवीस मार्कांची बाग

“किती वेळा सोडून बघितलंत, बाई?”

“एकदा.”

दस्तगीरबाबा गुलाबाच्या खुंटावर बांधलेली पट्टी बोटानं चाचपत राहिले.

“…दोनदा,” सोनटक्के बाई म्हणाल्या.

“हं.”

“बरं, रोज. रोज सकाळी सोडते, बघते आणि परत बांधते. धरलंय की नाही ते कळायला नको का?”

“धरलं असतं, बाई.”

बाबांनी पट्टी सोडली. आतला डोळा काळा पडला होता. बाईंनी भरलेला हा अकरावा.

गुलाबाचा डोळा भरायचा म्हणजे काम तसं अवघड नाही. रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, चांगल्या गुलाबाचा कोंब सालीसकट त्या चिरेत सरकवायचा, वरून पट्टी बांधायची आणि तीन आठवडे तिकडं फिरकायचं नाही. पहिल्या तीन गोष्टी सोनटक्के बाईंना पहिल्याच दिवशी जमल्या. चौथी नऊ महिन्यांत जमली नव्हती.

मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं, त्यातली अकरा मुख्याध्यापिका. अशा बाई वयाच्या साठाव्या वर्षी एका माळ्याकडे शिकायला बसल्या, ह्याचं आळीत सगळ्यांना नवल वाटायचं. बाईंनाही थोडं वाटायचंच. म्हणून त्या बाबांसमोर बसताना पाठ अशी ताठ ठेवायच्या, की तपासणीला आल्यासारखं वाटावं.

दस्तगीरबाबा हौदबागेतून रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. पण नर्सरीच्या छपराखालून त्यांना कुणी उठवलं नाही आणि तेही उठले नाहीत. बाग जुनी, नवाबी अमदानीतली. अष्टकोनी हौद, त्यात कारंजी, पलीकडे बारादरी, दगडी सूर्यघड्याळ आणि हत्तीच्या पोटासारखं खोड असलेली गोरखचिंच. सुट्टीच्या दिवशी बाहेरगावच्या लोकांनी भरलेली असायची. गुरुवारी सकाळी मात्र छपरासमोरच्या बाकावर एकटे वामनराव बसलेले होते.

वामनराव म्हणजे बाईंचे यजमान. मोजणीखात्यातून निवृत्त झालेले. स्वेटरची बटणं वरखाली लागलेली, मांडीवर दोन्ही हात, नजर कारंज्याकडं.

“साहेबांना आज किती मार्क?” बाबांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतली वही आणखी आत ढकलली.

“…सात.”

“काल?”

“नऊ.”

“कितीपैकी?”

“पंचवीस.”

तर हे असं होतं. दोन वर्षांपूर्वी वामनरावांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी किल्ल्या, मग गल्ल्या, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, डोकं चालतं ठेवा. डोकं चालतं ठेवायची बाईंना एकच रीत ठाऊक. त्यांनी प्रश्नपत्रिका काढली.

अभ्यासक्रम हौदबागेचा. कारण नोकरीत असताना वामनराव दर रविवारी डबा घेऊन इथं यायचे आणि बाग त्यांना तोंडपाठ होती. हौद कुणी बांधला, कारंजी किती, बारादरीचे खांब किती, पाणी कुठल्या डोंगरातून येतं. शेवटचा प्रश्न पाच मार्कांचा.

मी कोण?

वामनराव दर वेळी थोडा विचार करायचे आणि अदबीनं सांगायचे, “बाई.”

पाचपैकी शून्य.

“माझी घ्या परीक्षा,” बाबा म्हणाले.

“तुमची कशाला?”

“घ्या तर.”

बाईंनी वही काढली. चष्मा लावला. चष्मा लागला की त्यांचा आवाज आपोआप बदलायचा.

“हौद कोणत्या साली बांधला?”

“माझ्या आधी.”

“साल, बाबा.”

“ठाऊक नाही.”

“बारादरीला खांब किती?”

“झाडलेत पुष्कळ. मोजले नाहीत.”

“सूर्यघड्याळ कुणी बसवलं?”

“त्याच्या बुडाशी दूर्वा लई माजते, तेवढं ठाऊक आहे.”

असे सगळे प्रश्न गेले. बेचाळीस वर्षं त्या बागेत पाणी घातलेला माणूस, आणि एकाचं उत्तर धड येईना. बाईंना हसू यायला लागलं होतं. ते दाबून त्यांनी शेवटचा प्रश्न वाचला.

“मी कोण?”

“बाई.”

“नाव सांगा.”

“नाव कुठं ठाऊक आहे? नऊ महिने झाले, बाईच म्हणतोय.”

बाईंनी सवयीनं खाली आकडा मांडला. शून्य.

बाबांनी वहीत वाकून बघितलं. मान डोलावली.

“मग मलाही बसवा सोमवारच्या गाडीत.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

सोमवारच्या गाडीचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण वामनराव कालपासून बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, सोमवारी गाडी येणार आहे, आम्ही नाशिकला जाणार. कशाला, ते त्यांना माहीत नव्हतं. नाशिकला अशा लोकांसाठी एक केंद्र होतं. त्यांच्या मुलीनं, मंजिरीनं, शोधून काढलं होतं. स्वच्छ होतं, नर्स होत्या, फॉर्म भरून झाला होता.

“मी दमले नाही, बाबा,” बाई म्हणाल्या. “आंघोळ घालते, भरवते, रात्रीचं उठते. त्याचं काही नाही. पण समोरचा माणूस ओळखतच नसेल, तर मी काय आणि नर्स काय…”

कारंज्याचं पाणी वाजत होतं.

“एकदा. एकदाच मला इंदू म्हणाले, तरी नाही पाठवणार. मंजिरीला तसं सांगितलंय मी. म्हणून विचारते रोज.”

“मग?”

“मग काय. सात.”

बाबांनी काळा पडलेला डोळा नखानं काढून मातीत टाकला.

“उद्या साहेबांना इथं माझ्याजवळ सोडा,” ते म्हणाले. “तुम्ही भिंतीकडेनं चालत जा आणि दक्षिणेच्या दरवाज्यानं आत या.”

“का?”

“वही आणू नका.”

“पण का, बाबा?”

“बाहेरगावची पाहुणी दोन्ही हात मोकळे ठेवून येते.”

बाईंना ते पटलं नाही. घरी जाताना त्या सगळा रस्ता स्वतःशी पुटपुटत होत्या. पण शुक्रवारी सकाळी नऊला त्या दक्षिणेच्या दरवाज्यात उभ्या होत्या. हातात काही नाही. काय करावं ते न सुचून पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

आभाळ भरून आलं होतं. पाटाच्या कडेनं वामनराव येताना दिसले. मागं बाबा.

“साहेब, ह्या पाहुण्या. बाग कधी बघितली नाही म्हणतात.”

वामनरावांनी बाईंकडं बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. बाईंनी पदर घट्ट धरला.

“पहिल्यांदाच?” वामनराव म्हणाले.

“…हो.”

“अरेरे. चला, चला.”

आणि ते पुढं निघाले. बाई बघतच राहिल्या. हात धरल्याशिवाय उंबरा न ओलांडणारा माणूस पुढं चालत होता, वळून बघत होता आणि सांगत होता, “इथं शेवाळ आहे, जपून या.”

हौदापाशी ते थांबले.

“ह्यात एकशे आठ कारंजी आहेत. मी स्वतः मोजलीत. मोजणीखात्यात होतो मी.”

कारंजी बारा होती. बारा हा आकडा बाईंच्या जिभेवर आला. त्यांनी तो गिळला. घशाला लागला, पण गिळला.

“एवढी?” त्या म्हणाल्या.

“एवढी,” वामनराव खूश होऊन म्हणाले.

सूर्यघड्याळावर सावली नव्हती. बाईंनी विचारलं, हे काय आहे हो? वामनराव बराच वेळ त्या दगडाकडं बघत राहिले. काय ते त्यांना सापडत नव्हतं. बाईंना दिसत होतं, सापडत नाहीये. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“ह्याला आज सुट्टी आहे,” शेवटी वामनराव म्हणाले. “मलाही आहे.”

बारादरीत शिरल्यावर ते डावीकडच्या तिसऱ्या खांबाला टेकून खाली बसले.

“इथं मी डबा खातो. भेंडी असली की मजा. आमच्या घरची भेंडी चिकट होत नाही.”

“कशी काय?”

“रात्रीच एकेक पुसून ठेवते ती. पहाटे चिरते. रविवारीसुद्धा.”

“…कोण?”

“आमची मंडळी.”

बाईंनी खांबाला हात लावला. दगड गार होता. पस्तीस वर्षं रात्री भेंडी पुसली त्यांनी. ते कुणाच्या लक्षात होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पुढं काही विचारायचा धीर झाला नाही. वामनरावच उठले.

गोरखचिंचेची पानं झडून गेली होती. नुसतं खोड, राखी, सुरकुतलेलं, आणि वर उघड्या फांद्या. वामनराव खोडाला छाती लावून उभे राहिले आणि त्यांनी हात पसरले.

“तुम्ही पलीकडून धरा. बघू पुरतंय का.”

बाई पलीकडं गेल्या. इकडं तिकडं बघितलं. आयुष्यभर मुलींना झाडावर चढू नका म्हणून सांगितलेल्या बाईंनी खोडाला गाल टेकला आणि हात पसरले. दोन्हीकडं बोटं चाचपडत राहिली. एकमेकांना लागली नाहीत.

“पुरत नाही,” पलीकडून आवाज आला.

“नाही पुरत.”

“तिसरं माणूस लागतं. तिला आणायला पाहिजे एकदा. राहूनच गेलं.”

“का राहिलं?”

“रविवारी पेपर तपासायला बसायची. मी म्हणायचो, चल. ती म्हणायची, गठ्ठा संपू दे.”

खोडाची साल बाईंच्या गालाला खरखरत होती.

“संपला असेल का आता गठ्ठा?” वामनरावांनी विचारलं.

“संपला,” बाई म्हणाल्या.

“तुम्हाला काय माहीत?”

“मी… त्यांच्या ओळखीची आहे.”

“मग सांगा तिला. म्हणावं, जड वाटत असतील तर गठ्ठा मी उचलून ठेवतो. पण ये.”

तेव्हा प्रश्न बाईंच्या ओठांवर आला. तिचं नाव काय? एवढंच. तीन शब्द. मधे झाड होतं, चेहरा दिसत नव्हता, आणि ह्या क्षणी विचारलं तर ते सांगतील, नक्की सांगतील, असं त्यांना वाटत होतं. इंदू म्हणतील. सोमवारची गाडी परत जाईल.

आणि नाही सांगता आलं तर त्या दगडी घड्याळापुढं उभे होते तसे उभे राहतील. सापडत नाहीये, असं तोंड करून.

बाईंनी गाल झाडाला आणखी दाबला.

“सांगते,” त्या म्हणाल्या.

वामनराव खोडाला वळसा घालून आले. स्वेटरला सालीचा भुगा लागला होता. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि खिशातला रुमाल काढून पुढं केला.

“होतं असं,” ते म्हणाले. “झाड फार मोठं आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला होतंच.”

छपराखाली बाबा नवा खुंट चिरत होते. बाई येऊन बसल्या. पाठ ताठ ठेवायची त्यांना आठवण राहिली नाही. वामनराव समोरच्या बाकावर बसून तिथं बसलेल्या कुणा म्हाताऱ्याला एकशे आठ कारंज्यांचं सांगत होते.

“ओळखलं साहेबांनी?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“विचारलंत?”

“…नाही.”

बाबांनी डोळा चिरेत सरकवला. पट्टी बाईंच्या हातात दिली. बाईंनी बांधली.

“उद्या बोलावलंय मला,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. “मोर दाखवायचे राहिलेत म्हणाले.”

“दाखवतील.”

“मोर गेले त्याला वीस वर्षं झाली, बाबा. पिंजरा रिकामा आहे.”

“वेळेवर या म्हणजे झालं.”

बाईंनी वामनरावांच्या रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

“सोमवारी गाडी येणार आहे,” त्या म्हणाल्या.

बाबांनी हातांची माती धोतराला पुसली. बाकाकडं बघितलं. वामनराव उठून उभे राहिले होते आणि त्या म्हाताऱ्याला हात धरून हौदाकडं नेत होते.

“येऊ द्या की, बाई,” दस्तगीरबाबा म्हणाले. “त्या ड्रायव्हरनं तरी आपली बाग कुठं बघितलीय?”